तोच मोह पुन्हा पुन्हा येतो, तेव्हा विश्वासणाऱ्याने काय करावे?

पाऊलवाट

सर्वांना प्रभूच्या नावाने सलाम.

बाप्तिस्मा घेऊन मला अकरा वर्षे झाली. या काळात माझ्यात बरेच काही बदलले. खोटे बोलणे सुटले, तोंडातले अपशब्द गेले, घरातली भांडणे कमी झाली. एक गोष्ट मात्र जागची हललेली नाही. रात्री सगळे झोपले की मोबाईल हातात येतो आणि जे पाहू नये ते पाहण्याची ओढ लागते. कधी तीन-तीन महिने मी स्वतःला आवरतो आणि मग एखाद्या रात्री पंधरा मिनिटांत सगळे ढासळते. त्यानंतरचा तास कसा जातो, हे लिहिणे अवघड आहे. पडद्याचा उजेड विझलेला असतो, शेजारी पत्नीचा संथ श्वास ऐकू येत असतो आणि प्रार्थनेसाठी तोंड उघडवत नाही.

माझे दोन प्रश्न आहेत. पहिला असा की मोह येणे हेच पाप आहे का? कारण मोह आला की मला आधीच हरल्यासारखे वाटते, आणि हरलोच आहोत तर थांबायचे कशाला, असा विचार लगेच पाठोपाठ येतो. दुसरा प्रश्न असा की शनिवारी रात्री पडलेल्या माणसाने रविवारी प्रभुभोजनात, म्हणजे प्रभूच्या स्मरणार्थ भाकर खाण्याच्या आणि प्याला घेण्याच्या विधीत, भाग घ्यावा का? गेल्या रविवारी प्याला माझ्यापर्यंत आला आणि मी तो ओठांना न लावता पुढे दिला. पत्नीने ते पाहिले, पण काही विचारले नाही.

"आणखी प्रार्थना करा" एवढेच उत्तर कृपया देऊ नका. प्रार्थना मी करतो. ज्यांनी हा लढा प्रत्यक्ष दिला आहे, त्यांच्याकडून मला ऐकायचे आहे.

गव्हाचा_दाणा

पाऊलवाट, पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी निःशंकपणे देऊ शकतो. मोह येणे हे पाप नव्हे. इब्री लोकांस पत्राच्या चौथ्या अध्यायात म्हटले आहे की आपला प्रमुख याजक सर्व प्रकारे आपल्याप्रमाणे पारखला गेला, तरी तो निष्पाप राहिला. मोह हेच पाप असते, तर हे वाक्य लिहिताच आले नसते.

याकोबाने आपल्या पत्राच्या पहिल्या अध्यायात याचा क्रम दिला आहे. माणूस आपल्याच वासनेने ओढला जातो आणि भुलवला जातो, मग वासना गर्भवती होऊन पापाला जन्म देते आणि पाप वाढून मरण उपजवते. म्हणजे ओढ आणि पाप यांच्यामध्ये काही काळ जातो. आपली सारी लढाई त्या काळात असते. तुमचा "हरलोच आहोत" हा विचार तो काळच पुसून टाकतो, म्हणून तो विचार मला मोहापेक्षाही अधिक घातक वाटतो.

चौथ्या शतकात मिसरच्या वाळवंटात राहणारा इव्हॅग्रियस नावाचा एक साधू होता. त्याने माणसाला छळणाऱ्या आठ विचारांची मांडणी केली आणि तिथेच स्पष्ट केले की हे विचार येणे न येणे आपल्या हाती नाही, ते रेंगाळावेत की नाही, हे आपल्या हाती आहे.

शब्दवेध

गव्हाचा_दाणा यांच्या मुद्द्याला भाषेची थोडी जोड देतो. याकोबाने "भुलवला जातो" या अर्थी वापरलेले ग्रीक क्रियापद आमिष या शब्दापासून आलेले आहे. गळाला लावलेले आमिष डोळ्यांपुढे ठेवून पाहा. मासा आमिष पाहतो, गळ पाहत नाही.

दुसरी गोष्ट. नव्या करारात मोह आणि परीक्षा या दोहोंसाठी एकच ग्रीक शब्द येतो, पेइरास्मोस. म्हणून आपल्या मराठी प्रभूच्या प्रार्थनेत आपण "आम्हांला परीक्षेत आणू नकोस" असे म्हणतो आणि अनेकांचा गोंधळ होतो, कारण देव कोणाला वाईटाच्या मोहात घालत नाही, असे याकोबच सांगतो. हा गोंधळ केवळ आपला नाही. फ्रेंच भाषकांनी २०१७ मध्ये उपासनेतील या ओळीचा अनुवाद "मोहात शिरू देऊ नकोस" या अर्थाने बदलला आणि इटलीतील कॅथलिक उपासनेच्या ग्रंथातील तशाच स्वरूपाच्या बदलाला पोप फ्रान्सिस यांनी २०१९ मध्ये मान्यता दिली. मला स्वतःला जुनी शब्दयोजनाही प्रिय आहे. त्या ओळीत माणूस आपले दुबळेपण कबूल करतो. मला पारखू नकोस, मी टिकणार नाही, असे म्हणायला नम्रता लागते.

खडतर

शब्दांचा अर्थ लावणे चांगले आहे, परंतु येथे एक माणूस बुडतो आहे. मोह म्हणजे पाप नव्हे, हे खरे. पण या वाक्याच्या आडोशाला बसून मी स्वतः सहा वर्षे काढली आहेत, म्हणून सावध करतो. मला मोह "येत" नव्हता, मी त्याला बोलावत होतो. प्रभूने डोंगरावरील प्रवचनात म्हटले आहे की उजवा डोळा तुला पापाला प्रवृत्त करत असेल, तर तो उपटून टाक. त्याचा शब्दशः अर्थ कोणी घेऊ नये, पण त्यातला तातडीचा सूर कमी करण्याचा अधिकार आपल्याला नाही. इंग्रज प्युरिटन पाळक जॉन ओवेन यांनी १६५६ मध्ये पापाला ठार करण्याविषयी एक पुस्तक प्रसिद्ध केले. तुम्ही पापाला मारत राहा, नाहीतर ते तुम्हाला मारत राहील, हा त्याचा आशय आहे. पाऊलवाट, तुम्ही तीन महिने आवरता, असे लिहिले आहे. आवरलेले पाप जिवंत असते.

निरांजन

खडतर यांचे म्हणणे मला अर्धेच पटते. "मारा, उपटून टाका" असे ऐकून मी दर वेळी अधिक मोठी शपथ घेत असे आणि दर वेळी अधिक उंचावरून पडत असे. रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात पौल देहाची कर्मे ठार करण्यास सांगतो, पण ते "आत्म्याच्या योगे" करण्यास सांगतो. हे दोन शब्द गाळले, तर उरते ती केवळ आपली जिद्द, आणि जिद्द रात्री साडेअकराला दमलेली असते.

खडतर

मान्य आहे. ते दोन शब्द मी लिहायला हवे होते.

दीपमाळ

पाऊलवाट, एक साधा प्रश्न विचारते, राग मानू नये. मोबाईल उशाशी का असतो?

मी हे विचारते, कारण संत ऑगस्टीन यांच्या जीवनातला प्रसंग मला आठवला. शुद्धतेसाठी प्रार्थना करताना तरुणपणी आपण मनातून "पण आत्ताच नको" असे म्हणत होतो, हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. ३८६ साली मिलान येथील बागेत त्यांनी पौलाचे पत्र उघडले, तेव्हा डोळ्यांसमोर रोमकरांस पत्राच्या तेराव्या अध्यायाचा शेवट आला. प्रभू येशू ख्रिस्ताला परिधान करा आणि देहाच्या वासनांसाठी तरतूद करू नका, अशा अर्थाचे ते वचन आहे. त्यातला "तरतूद" हा शब्द मला फार जवळून लागला आहे. तरतूद आपण आधीच करून ठेवतो, भुकेच्या वेळी नव्हे. उशाशी ठेवलेला मोबाईल, कोणाला न सांगितलेला पासवर्ड, "थोडे वाचून झोपतो" असे म्हणून विझवलेला दिवा, ही सगळी तरतूद आहे. ती दिवसाउजेडी, मन शांत असताना केलेली असते आणि म्हणून ती मोडायचीही दिवसाउजेडीच असते. मोहाच्या घटकेला मोबाईल दूर ठेवण्याचा निर्णय घेता येत नाही. तो संध्याकाळी सात वाजता घेता येतो.

संध्याछाया

दीपमाळताई, "तरतूद" हा शब्द वाचून मी थबकले, कारण माझा मोह वेगळा आहे आणि तो कोणालाच मोह वाटत नाही. मला लोकांविषयी बोलण्याची सवय आहे. आमच्या प्रार्थनासभेत आम्ही डोळे मिटण्यापूर्वी विषय सांगतो, आणि मी अमुक बहिणीच्या घरात काय चालले आहे ते "प्रार्थनेचा विषय म्हणून सांगते" असे म्हणून सांगत आले आहे. सांगताना आवाज आपोआप खाली जातो, बाकीच्या पुढे झुकतात आणि त्या क्षणाचा मला आनंद होतो. दोन महिन्यांपूर्वी ज्या बहिणीविषयी मी बोलले होते, तीच दारात उभी होती. तिने काहीही न म्हणता चपला पुन्हा पायात घातल्या आणि ती परत गेली. तेव्हापासून ती सभेला आलेली नाही. मी तिच्या घरी जाऊन क्षमा मागितली. तिने चहा दिला, क्षमा केली असेही म्हणाली, पण सभेला ती अजून येत नाही.

हे येथे लिहिण्याचे कारण असे की पाऊलवाट यांना आपणच सर्वांत मलिन आहोत असे वाटत असावे. ज्या पापाची लाज वाटते, त्याविरुद्ध माणूस निदान लढतो तरी. माझे पाप तर प्रार्थनेचे कपडे घालून येत होते.

गव्हाचा_दाणा

संध्याछाया, तुमच्या लिहिण्याने मला रानातल्या मोहाची आठवण झाली. सैतानाने प्रभूला मंदिराच्या शिरोभागी नेले आणि तेथून उडी टाक असे सांगताना त्याने एक्क्याण्णवाव्या स्तोत्राचा आधार दिला. म्हणजे मोहही पवित्र शास्त्राची वचने घेऊन येऊ शकतो.

मोहाच्या वेळी वचन मंत्रासारखे म्हटले की काम होते, असे आपल्यापैकी अनेकांना शिकवले जाते. प्रभूने तिन्ही वेळा उत्तर दिले ते जुन्या करारातील 'अनुवाद' नावाच्या पुस्तकातून, त्याच्या सहाव्या आणि आठव्या अध्यायांतून. ते अध्याय इस्राएलाच्या रानातील चाळीस वर्षांविषयी आहेत, भुकेविषयी, देवाने पुरवलेल्या मान्ना नावाच्या अन्नाविषयी, मस्सा येथे त्यांनी देवाला पारखून पाहिले त्याविषयी. जिथे इस्राएल पडला, तिथे उभे राहून, त्याच धड्याच्या आधाराने प्रभू टिकला. त्याला वचने नुसती पाठ नव्हती. तो त्या कथेच्या आत उभा होता.

आणखी एक गोष्ट. या प्रसंगाच्या अगदी आधी बाप्तिस्मा आहे आणि स्वर्गातून आलेली वाणी आहे, "हा माझा पुत्र, मला परमप्रिय आहे." लगेच पुढे सैतान म्हणतो, तू देवाचा पुत्र असशील तर. पहिला घाव पुत्रपणावर पडतो, भाकरीची गोष्ट त्यानंतर येते. पाऊलवाट, "मी हरलोच आहे" हे वाक्य तुमच्याही पुत्रपणावरच घाव घालते.

पाऊलवाट

सर्वांचे मनापासून आभार. दीपमाळताई, तुमच्या प्रश्नाचे उत्तर मला स्वतःलाही आवडलेले नाही. मोबाईल उशाशी गजरासाठी असतो, असे मी पत्नीला सांगत आलो आहे. गजर घड्याळातही लावता येतो.

आज संध्याकाळी सात वाजता मी तो बाहेरच्या खोलीत ठेवणार आहे. पण माझ्या मनात एक शंका आहे. हे केवळ बाहेरचे बंधन नाही का? मन तेच राहिले, तर काय उपयोग?

निरांजन

मन तेच राहिले, तर उपयोग थोडाच होईल, हे खरे आहे. मत्तयाच्या बाराव्या अध्यायात प्रभूने झाडलेल्या, सजवलेल्या पण रिकाम्या घराविषयी सांगितले आहे. बाहेर गेलेला अशुद्ध आत्मा सात जणांना घेऊन परत येतो, कारण घरात राहायला कोणी आलेलेच नसते. मोबाईल दूर ठेवून मोकळ्या झालेल्या त्या अर्ध्या तासात काय येणार, हेही ठरवा. मी त्या वेळात एक स्तोत्र हाताने उतरवून काढतो. रोज एक. अक्षर वळवताना मन भटकत नाही, आणि एकशे एकोणिसावे स्तोत्र उतरवायला मला अकरा रात्री लागल्या.

शिंपला

मी कॅथलिक आहे, तेव्हा माझी भाषा थोडी वेगळी वाटेल. आमच्याकडे पश्चात्तापाच्या प्रार्थनेत पापाबरोबरच पापाचे निकटचे प्रसंग टाळण्याचाही निश्चय करतात. ज्या जागी, ज्या वेळी, ज्या सोबतीत मी हमखास पडतो, तिथे मुद्दाम जाणे हेच चुकीचे, अशी ती शिकवण आहे. म्हणून बाहेरच्या बंधनाला मी कमी लेखणार नाही. पोटीफराच्या बायकोने धरले, तेव्हा योसेफाने वाद घातला नाही, तो वस्त्र सोडून पळाला. पौलही करिंथकरांना जारकर्मापासून पळून जाण्यास सांगतो.

नववे_वर्ष

मी सहसा लिहीत नाही. दारू सोडून मला नववे वर्ष चालू आहे, म्हणून हे नाव घेतले.

सुटण्यापूर्वी मी चौदा वेळा सोडली होती. प्रत्येक वेळी ती देवाच्या आणि माझ्या मधली गोष्ट होती. मी गुडघे टेकत असे, रडत असे, शपथ घेत असे आणि दुसऱ्या कोणालाही त्यातले काही कळू देत नसे. बाटली कपाटात लोकरीच्या कपड्यांच्या मागे असे. पंधराव्या वेळी मी मंडळीतल्या एका वडिलांना, म्हणजे मंडळीच्या एका ज्येष्ठ पुढाऱ्यांना, घरी बोलावले, कपाट उघडले आणि त्यांनाच ती बाटली बाहेर काढायला सांगितली. ते काही बोलले नाहीत. त्यांनी ती मोरीत ओतली, बाटली विसळली आणि मला मिठी मारली. त्या वासाने माझ्या तोंडाला पाणी सुटले होते आणि त्याच वेळी डोळ्यांतूनही पाणी येत होते. त्या दिवसापासून एकट्याने लढणे संपले.

इग्नेशियस लोयोला या संताने लिहिले आहे की शत्रू गुपचूप फूस लावणाऱ्या प्रियकरासारखा वागतो. आपली गोष्ट मुलीने वडिलांना सांगू नये, एवढीच त्याची धडपड असते, कारण सांगितले की त्याचा डाव संपतो. शिंपला यांना हे ठाऊक असेल. मला ते नंतर वाचायला मिळाले, पण कपाट उघडले त्या दिवशी ते मी अनुभवले होते.

पाऊलवाट, तुम्ही हे आम्हाला सांगितले, पण आम्ही तुम्हाला ओळखत नाही. तुमचा चेहरा ओळखणाऱ्या एका माणसाला सांगा.

पाऊलवाट

पत्नीला सांगावे का? आजच सांगावे, असे मनात येते आहे.

ओलावा

थांबा. आज रात्री सांगू नका. मी त्या पत्नीच्या जागी होते, म्हणून लिहिते.

माझ्या पतीने मला हे सांगितले, तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते. त्यांना एका प्रवचनाने हलवून सोडले होते आणि मनावरचे ओझे उतरवून टाकायचे होते. ते त्यांनी उतरवले, आणि ते दहा मिनिटांत झोपले. मी पहाटेपर्यंत जागी होते. पुढचे कित्येक महिने आरशासमोर उभी राहिले की माझ्या मनात एकच प्रश्न येई, माझ्यात काय कमी आहे? माझ्यात काही कमी नव्हते, हे समजायला मला दुसऱ्या एका बहिणीची मदत घ्यावी लागली.

सांगूच नका, असे मी म्हणत नाही. लपवलेले राहिले असते, तर आमचे घर आतून पोकळ झाले असते. पण आधी नववे_वर्ष म्हणतात तसे एखाद्या पोक्त बंधूला किंवा पाळकांना सांगा, त्यांच्याबरोबर काही पावले टाका आणि मग तिला सांगा, सकाळी सांगा, तिला रडायला आणि रागवायला पूर्ण दिवस मिळेल अशा वेळी सांगा. आपण काय करत आहोत, हेही सांगा. आणि तिला तुमची पहारेकरी करू नका. "तू माझा मोबाईल रोज तपासत जा" असे माझे पती म्हणाले होते, आणि दीड महिना मी ते केले. त्यात मी पत्नी उरले नव्हते.

शेवटची एक गोष्ट. पडद्यावर ज्या दिसतात, त्याही कोणाच्या तरी मुली आहेत आणि त्यांतल्या कितीतरी जणी स्वतःच्या मर्जीने तिथे नसतात. याला केवळ "माझी शुद्धता" असे म्हणून भागत नाही. माझ्या पतीने त्या चेहऱ्यांसाठी नाव ठाऊक नसताना प्रार्थना करायला सुरुवात केली, आणि ते म्हणतात की ज्याच्यासाठी आपण प्रार्थना करतो त्याच्याकडे त्या नजरेने पाहवत नाही.

पाऊलवाट

ओलावाताई, मी तुमचे लिहिणे चार वेळा वाचले. थांबतो.

दीपमाळ

ताई, हे लिहायला तुम्हाला किती जड गेले असेल, याची कल्पना आहे. आभार.

मैलाचा_दगड

चर्चेत करिंथकरांस पहिल्या पत्रातला दहावा अध्याय अजून आला नाही. देव तुमच्या शक्तीपलीकडे तुमची परीक्षा होऊ देणार नाही, तर परीक्षेबरोबर निभावण्याचा उपायही करील, हे तेरावे वचन. आजारी किंवा शोकग्रस्त माणसाला "देव झेपेल तेवढेच दुःख देतो" असे सांगताना हे वचन वापरलेले मी अनेकदा ऐकले आहे आणि प्रत्येक वेळी मला वाईट वाटले आहे. संदर्भ मूर्तिपूजेच्या आणि जारकर्माच्या मोहाचा आहे. शिवाय मूळ भाषेत "तुम्ही" हे अनेकवचन आहे. ते एकट्याने सोसणाऱ्या माणसाला नव्हे, मंडळीला लिहिले आहे. नववे_वर्ष यांचे कपाट ज्यांनी रिकामे केले, ते वडीलच त्यांच्यासाठी देवाने केलेला उपाय होते.

निसटण्याची वाट बहुधा लहान आणि साधी असते, म्हणून ती दिसत नाही. दाविदाची गोष्ट पाहा. राजे लढाईला जातात त्या ऋतूत तो यरुशलेमेत राहिला, संध्याकाळी पलंगावरून उठून गच्चीवर फिरू लागला, त्याने एका स्त्रीला पाहिले आणि ती कोण याची चौकशी केली. उत्तर आले, ती अलीयामाची मुलगी, उरीया हित्तीची बायको बथशेबा. ते उत्तर म्हणजेच निसटण्याची वाट होती. एका सेवकाने दाविदाला दोन नाती सांगितली, ती कोणाची मुलगी आणि कोणाची बायको. ओलावा यांनी वर तेच सांगितले आहे. दाविदाने ते ऐकले आणि तरीही माणसे पाठवली.

आणि मोह टाळला की लगेच भले होते, असेही कोणी समजू नये. मागे एका नोकरीत माझ्या वरिष्ठांनी खोट्या पावत्यांवर सही करण्यास सांगितले. मी नकार दिला. कोणी शाबासकी दिली नाही. चार महिन्यांत मला काढून टाकले आणि पुढचे दहा महिने मी घरी होतो. योसेफही वस्त्र सोडून पळाला तो थेट तुरुंगात गेला, आणि तुरुंगातून सुटलेल्या राजाच्या प्यालेबरदाराने त्याची आठवण काढेपर्यंत आणखी दोन वर्षे गेली. त्या दहा महिन्यांत सही केली असती तर, हा विचार मला रोज येई. तो मोह पहिल्यापेक्षा मोठा होता.

गव्हाचा_दाणा

दमलेल्या माणसाविषयीही थोडे लिहायला हवे. इव्हॅग्रियसच्या आठ विचारांत एक आहे आत्म्याचा कंटाळा. त्याने केलेले वर्णन विलक्षण आहे: साधूला वाटते की सूर्य हलतच नाही, दिवस पन्नास तासांचा झाला आहे, आणि तो पुन्हा पुन्हा खिडकीबाहेर पाहतो की कोणी भेटायला येते आहे का. आपली खिडकी आता हातात मावते, एवढाच फरक. पाऊलवाट, ज्या रात्री तुम्ही पडलात, त्या दिवसांकडे वळून पाहा. वासनेपेक्षा थकवा किंवा एकटेपणा अधिक होता का? एलीया संदेष्टा मरण मागत झाडाखाली झोपला, तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. दोनदा उठवून खायला-प्यायला दिले आणि झोपू दिले. पर्वतावरचे बोलणे त्यानंतरचे आहे.

पाऊलवाट

होय. गेल्या चारपैकी तीन वेळा ऑफिसात अपमान झालेला दिवस होता. हे मी आजवर जुळवून पाहिलेच नव्हते.

निरांजन

दुसरा प्रश्न तसाच राहिला आहे. प्रभुभोजनाचे काय?

खडतर

करिंथकरांस पहिल्या पत्राचा अकरावा अध्याय अयोग्य रीतीने भाग घेण्याविषयी कडक इशारा देतो. तो हलका करता येणार नाही.

दीपमाळ

इशारा आहेच, पण अठ्ठाविसावे वचन पूर्ण वाचावे. माणसाने आपली परीक्षा करावी आणि मग त्या भाकरीतून खावे व त्या प्याल्यातून प्यावे, असे पौल म्हणतो. परीक्षा करून दूर राहावे, असे तो म्हणत नाही. ते करिंथकर तर पश्चात्तापाने रडत मेजाशी येणारे लोक नव्हते. भुकेल्या गरीब बांधवांना मागे ठेवून ते स्वतः पोटभर जेवत होते. जो पाप धरून ठेवू इच्छितो, त्याने थांबावे. जो सोडू इच्छितो आणि सोडवत नाही म्हणून रडतो, त्याने यावे.

शिंपला

येथे माझ्या मंडळीची शिकवण वेगळी आहे, ती प्रामाणिकपणे सांगते. गंभीर पापाची जाणीव असेल, तर आम्ही आधी पापनिवेदन करतो आणि मग ख्रिस्तप्रसाद घेतो. मला ते दाराला लावलेल्या कुलुपासारखे कधी वाटले नाही. मी जाळीमागे गुडघे टेकून पापाचे नाव मोठ्याने उच्चारते आणि धर्मगुरूंच्या तोंडून क्षमेचे शब्द कानांनी ऐकते. क्षमा ऐकू येणे ही मोठी गोष्ट आहे. पाऊलवाट, तुमच्या परंपरेत हा संस्कार नसेल, पण एकमेकांजवळ आपली पापे कबूल करा, हे याकोबाचे सांगणे तुमच्या शास्त्रातही आहे.

शब्दवेध

एक लहानशी भर घालतो. निखाऱ्यांच्या शेगडीसाठी योहान जो ग्रीक शब्द वापरतो, तो नव्या करारात दोनच ठिकाणी आला आहे. पेत्र ज्या निखाऱ्यांपाशी ऊब घेत प्रभूला नाकारतो, तिथे एकदा, आणि पुनरुत्थानानंतर किनाऱ्यावर प्रभूने पेटवलेल्या निखाऱ्यांसाठी दुसऱ्यांदा. तोच वास पेत्राच्या नाकाला आला असेल. आणि तिथे प्रभूने आधी त्याला जेवायला बोलावले. "माझ्यावर प्रीती करतोस काय?" हा प्रश्न जेवण झाल्यावरचा आहे.

पाऊलवाट

पाच आठवड्यांनी पुन्हा लिहीत आहे.

मंडळीतल्या एका वडिलांना मी सगळे सांगितले. सांगताना हात थरथरत होते. ते ऐकत राहिले आणि मग म्हणाले की तरुणपणी हाच लढा त्यांचाही होता. बावीस वर्षे मी त्यांना ओळखतो. तीन आठवड्यांनी, एका सुट्टीच्या दिवशी सकाळी, मी पत्नीला सांगितले. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "त्या दिवशी तू प्याला पुढे दिलास, तेव्हापासून मी वाट पाहत होते." ती रागावलेली आहे आणि तो राग अजून गेलेला नाही. ओलावाताईंचे लिहिणे मी तिला वाचायला दिले आहे.

मोबाईल बाहेरच्या खोलीत असतो. एका रात्री, वाईट गेलेल्या दिवसानंतर, मी उठून त्या खोलीपर्यंत गेलो. मोबाईल हातात घेतला आणि बाकी काही उघडण्यापूर्वी त्या वडिलांचा नंबर लावला. बारा वाजून वीस मिनिटे झाली होती. ते म्हणाले, "मी जागा आहे," जरी आवाजावरून ते झोपेतून उठल्याचे कळत होते. आम्ही प्रभूची प्रार्थना म्हटली. "परीक्षेत आणू नकोस" या ओळीला मी थांबलो, तेव्हा ते एकटेच पुढे म्हणत राहिले.

गेल्या रविवारी मी प्याला घेतला.

आता एक अडचण आहे. पुढच्या आठवड्यात कामासाठी चार रात्री बाहेरगावी राहायचे आहे. खोलीत मी एकटा असेन आणि मोबाईल ठेवायला बाहेरची खोली नसेल. अशा वेळी तुम्ही काय करता?

नववे_वर्ष

निघण्यापूर्वीच त्या वडिलांशी चारही रात्रींच्या फोनची वेळ ठरवून टाका, आणि फोन त्यांनी करायचा, तुम्ही नव्हे. मोह आला तर मी फोन करीन, असे ठरवू नका. त्या क्षणी हात मोबाईलकडे जाईल, त्यांच्या नंबराकडे जाईलच असे नाही. बोलणे झाल्यावर मोबाईल बंद करून खाली स्वागतकक्षात ठेवायला द्या आणि सकाळी घ्या. बाहेरगावी गेलो की मी खोलीतला मद्याचा छोटा फ्रीज पहिल्याच दिवशी रिकामा करून मागतो. पहिल्यांदा मागताना संकोच वाटला होता, पण त्या माणसाने एकही प्रश्न न विचारता सगळे उचलून नेले. गजरासाठी घड्याळ बरोबर घ्या.